तीन शतांश अँपिअर

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता ग्रॅमसाहेबांच्या गाडीने मान टाकली.

बटण दाबल्यावर इंजिन सुरू व्हायचं सोडून आतून शिवणयंत्रासारखी टकटकटकटक सुरू झाली, आणि समोरच्या पट्टीवर होते नव्हते तेवढे दिवे एकदम लागले. इंजिनाचा पिवळा, बॅटरीचा लाल, ब्रेकचा लाल, स्टीअरिंगचा, टायरमधल्या हवेचा, आणि शिवाय एक चित्र असं की त्यात एक माणूस पोटाशी भलामोठा चेंडू धरून बसला होता. ग्रॅमसाहेबांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी टकटकसुद्धा झाली नाही. चेंडूवाला माणूसही विझला.

ग्रॅमसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन लोकांचे काटे खरे की खोटे ते बघणं हे त्यांचं काम. सोसायटीतल्या रद्दीवाल्याचा तराजू आठ ग्रॅमने खोटा आहे हे त्यांनी एका रविवारी सर्वांसमक्ष सिद्ध केलं, तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं आणि मनातून ते त्यांना आवडतही होतं. ज्या माणसासमोर गावातले व्यापारी चळचळा कापतात, त्याच्यासमोर तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली एक गाडी मान टाकते, हा प्रकार त्यांना यांत्रिक बिघाडापेक्षा बेअदबीचा वाटला.

पण खरी गोष्ट अशी होती की गाडी त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला हवी होती, आणि तीही येत्या शनिवारी. बायको एकोणीस वर्षं ग्रंथालयाच्या नोंदणी विभागात होती. म्हणजे पुस्तकांवर क्रमांक चिकटवायची आणि ती पुस्तकं कोण वाचतं ते कधीच बघायची नाही. आता ग्रंथालयाने फिरती गाडी घेतली होती. पुस्तकं भरायची, स्वतः चालवत शहराबाहेरच्या शाळांमध्ये न्यायची, मुलांच्या हातात द्यायची. तिने आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या खोलीत जाऊन "मला हे काम हवं आहे" असं सांगितलं होतं. साहेब हो म्हणाले, पण शनिवारी दुपारी दोनपर्यंत वाहन परवाना टेबलावर हवा. नाही तर यादीतलं पुढचं नाव. परवान्याची परीक्षा शनिवारीच सकाळी होती. शिकाऊ परवाना रविवारी संपत होता. म्हणजे एकच दिवस, एकच संधी आणि एकच गाडी. आणि ती गाडी आता दाराशी थंड पडली होती.

पहिल्यांदा आले ते सेक्रेटरी, तोंडात ब्रश घेऊन. सोसायटीत काहीही बंद पडलं की ते दोन मिनिटांत हजर होत. त्याने बंद पडलेलं काही सुरू होत नसे, पण बरं वाटे.

"काय काय दिवे लागले होते?" त्यांनी ब्रश बाहेर काढून विचारलं.

ग्रॅमसाहेबांनी यादी सांगितली.

"मग आटोपलंच! ब्रेक गेले, स्टीअरिंग गेलं, टायर गेले. गाडीत उरलं काय?"

तेवढ्यात इंजिनवाले काका आले. काकांनी चाळीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं होतं आणि निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज दीडशे मीटर लांबच्या गार्डला ऐकू जाईल असाच राहिला होता. "बॅटरी उतरली आहे! धक्का मारा! दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि धक्का मारा!"

पाच मिनिटांत सहा माणसं जमली. काका पुढे उभे राहून हातवारे करू लागले, बाकीच्यांनी डिकीला खांदे लावले. गाडी केसभरही हलली नाही. दोघांनी बूट काढले. एकाने कमरेत काहीतरी मोडल्याचं जाहीर केलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून काकू हे सगळं बघत होत्या. पाय मोडल्यामुळे सहा आठवडे त्या प्लास्टर घालून त्या खिडकीत बसून होत्या. त्या वरून म्हणाल्या, "ग्रॅमसाहेब, मी एक सांगू का?"

"आत्ता नको काकू! तुम्ही पाय सांभाळा!" ग्रॅमसाहेब धापा टाकत म्हणाले.

मग दारात बायको आली. तिच्या हातात गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक होतं. त्याला तिने खाकी कव्हर घातलं होतं आणि कण्यावर क्रमांकही चिकटवला होता. ही सवय घरी पण सुटत नसे.

"अहो, ही गाडी ऑटोमॅटिक आहे," ती म्हणाली. "हिला दुसरा गिअर नाही. धक्क्याने ही सुरूच होत नाही. आणि लिव्हर 'पी'वर आहे, म्हणजे आत खिट्टी बसलेली असते. तुम्ही सहा काय, साठ जण आलात तरी हलायची नाही. पान दोनशे अकरा."

सहा माणसांनी हळूच खांदे काढून घेतले. इंजिनवाले काका म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"आणि ते दिवे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बॅटरी खूप उतरली की आतल्या छोट्या छोट्या संगणकांना पुरेसा दाब मिळत नाही. मग जो तो आपापला दिवा लावून ओरडतो. ब्रेक बिचारे धड आहेत."

"पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त होत नसतात," ग्रॅमसाहेब म्हणाले. ते उगाच म्हणाले, हे त्यांनाही कळलं. शेवटी सेक्रेटरींच्या गाडीतून दोन जाड वायरी जोडल्या, लालला लाल, काळीला इंजिनाचं उघडं लोखंड (पान दोनशे तेरा), आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभर ग्रॅमसाहेब दौऱ्यावर होते, गाडी उभी राहून बॅटरी उतरली असणार, यावर एकमत झालं. ग्रॅमसाहेबांनी तासभर गाडी फिरवून आणली, किल्ली जागेवर टांगली आणि विषय संपवला.

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता पुन्हा टकटकटकटक.

आता मात्र ग्रॅमसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षेची तारीख पुढे ढकलता येते का, हे बघायला ते परवाना कार्यालयात गेले. स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे दुसऱ्या सरकारी माणसाशी कसं बोलायचं ते आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती.

"गाडी बंद आहे? मग बंद असल्याचा दाखला आणा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"तो कुठे मिळेल?"

"इथेच. मागच्या अंगणात वाहन निरीक्षक बसतात. ते गाडी तपासून देतात."

"ते गाडी बघायला घरी येतील?"

"छे! गाडी इथे घेऊन यायची. चालवत. ओढून आणलेली चालत नाही, ते अपघात विभागात जातं."

ग्रॅमसाहेबांनी खिडकीत डोकं घातलं. "म्हणजे बंद गाडी चालवत आणली, की ती बंद असल्याचा दाखला मिळेल?"

"बरोब्बर," कारकून समाधानाने म्हणाला. इतकं लवकर समजणारा माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. दुसऱ्याची गाडी चालेल का? चालेल, पण अर्जावर ऑटोमॅटिक लिहिलंय, तर ऑटोमॅटिकच हवी. सेक्रेटरींची गिअरवाली होती. शिकवणाऱ्या संस्थेची ऑटोमॅटिक पंधरा दिवस आधी सांगून ठेवावी लागे. आणि हो, गाडीच्या पट्टीवर एकही धोक्याचा दिवा लागलेला नको. लागला की परीक्षा सुरू होण्याआधीच नापास.

घरी येताना ग्रॅमसाहेबांनी निश्चय केला. वीज कुठेतरी गळते आहे. गळती म्हणजे माप. आणि माप म्हटलं की तो त्यांचा प्रांत.

सेक्रेटरींच्या वायरींवर बॅटरी थोडी भरून घेऊन त्यांनी आपला मीटर काढला. तो त्यांनी स्वतः प्रमाणित करून घेतलेला होता. तत्त्व साधं होतं. गाडी बंद करून कुलूप लावलं की अर्ध्या तासात तिच्यातले संगणक एकेक करून झोपी जातात, आणि मग बॅटरीतून फार तर तीन शतांश अँपिअर वीज जायला हवी. घड्याळ आणि कुलूप जागं ठेवायला पुरेल इतपत. त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवली, मधे मीटर जोडला, किल्ली हरवू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि स्टूल घेऊन समोर बसले. आकडा आला चार अँपिअर. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आकडा कधी साडेतीन, कधी चार. गाडी झोपायचं नाव घेईना.

मग एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात झाली. ज्या फ्यूजला आकडा घसरेल, त्या वाटेवर चोर. काढलेले फ्यूज ते वजनांच्या जुन्या पेटीतल्या खाचांमध्ये क्रमाने ठेवत होते. अठरा फ्यूज झाले. आकडा थोडा थोडा सगळीकडेच घसरत होता, म्हणजे चोर एक नव्हता, अख्खं घर जागं होतं. एकोणिसाव्याला सेक्रेटरी आले.

"डिकीतला दिवा बघितलात का? माझ्या मेहुण्याच्या गाडीत तोच होता. झाकण लावलं तरी आत चालूच!"

"पण झाकण लावल्यावर आत दिवा चालू आहे की नाही, ते कळणार कसं?"

"आत बसून," सेक्रेटरी म्हणाले.

यात शास्त्रीयदृष्ट्या चूक काढता येईना. ग्रॅमसाहेबांनी आजूबाजूला बघितलं, चष्मा सारखा केला आणि डिकीत चढून अंग मुडपून निजले. इंजिनवाल्या काकांनी हिरवा झेंडा दाखवावा तसा हात केला आणि झाकण लावलं.

"विझला!" आतून आवाज आला. "दिवा विझला! दोष इथे नाही! उघडा!"

सेक्रेटरी घाईघाईने पुढे आले आणि मीटरच्या वायरीत त्यांचा पाय अडकला. वायर सुटली. बॅटरी आणि गाडी यांच्यामधला एकमेव दुवा ती वायर होती, आणि डिकीचं कुलूप होतं विजेवर.

"उघडा म्हणतो मी!"

"बटण दाबतोय, उघडत नाही! साहेब, ती वायर पुन्हा लावू का? पण तुमचं माप बिघडेल!"

"माझं माप गेलं खड्ड्यात!" आतून आवाज आला. वजनमापे खात्यातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघावं, यावरून आतली परिस्थिती ध्यानात यावी.

"मी एक सांगू का?" वरून काकू म्हणाल्या.

"काकू, माणूस अडकलाय इथे!" सेक्रेटरी ओरडले.

सुटलेली वायर नेमकी कुठे लावायची, हे सेक्रेटरींना उमगेना. तेवढ्यात बायको पुस्तक घेऊन आली. पान चौसष्ट. मागचं दार उघडलं, सीटच्या खांद्यावरची पट्टी ओढली, सीटची पाठ पुढे पडली; आणि त्या भोकातून ग्रॅमसाहेब आधी हात, मग चष्मा, मग डोकं असे क्रमाक्रमाने बाहेर आले. त्याच वेळी समोरून त्यांनी मागच्या महिन्यात दंड केलेला किराणा दुकानदार चालला होता. त्याने अदबीने नमस्कार केला. ग्रॅमसाहेबांनी गुडघ्यांवरूनच तो स्वीकारला.

फ्यूज परत बसवल्यावर पेटीत एक उरला. तो कुठला, हे कोणालाच सांगता येईना. संध्याकाळी कळलं की हॉर्न वाजत नाही.

बुधवारी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री हा शांत माणूस होता. तो आधी ऐकायचा, मग गाडीला ऐकायचा आणि मग बोलायचा, तेही बेताचंच. त्याने स्टीअरिंगखालच्या खाचेत यंत्र लावलं, तर सतरा तक्रारी निघाल्या. ग्रॅमसाहेबांचा चेहरा पडला.

"घाबरू नका साहेब. सतराही जण एकच सांगतायत, की वीज कमी मिळाली. मूळ आजार एक, रडणारे सतरा." त्याने त्या सगळ्या पुसल्या, उरलेला फ्यूज बघून न विचारता हॉर्नच्या जागी बसवला, बॅटरी तपासली. उत्तम. इंजिन चालू असताना दाब मोजला, चौदा पूर्णांक दोन व्होल्ट. तोही उत्तम. "दोन दिवस ठेवा इथे. उभी राहू दे." किल्ली त्याने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या केबिनच्या खणात ठेवून दिली.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीने ग्रॅमसाहेबांच्या देखत बटण दाबलं. गाडी गुणी मुलासारखी सुरू झाली. पट्टीवर एकही दिवा नव्हता.

"दोन दिवसांत तसूभर उतरली नाही. गाडीत काही नाही, साहेब. तुमच्या घरी काहीतरी आहे."

"म्हणजे काय?" ग्रॅमसाहेब दुखावले. "आमच्या घराला काय झालंय?"

"ते मला काय ठाऊक? माझं यंत्र गाडीला लागतं, घराला लागत नाही."

दहा वाजता गाडी घरी आली. ग्रॅमसाहेबांनी रजा टाकली होती. दहा वाजता बॅटरी बारा पूर्णांक सात व्होल्ट. गाडी आल्याचं कळताच सोसायटीतले लोक चौकशीला येऊ लागले. "आली का? काय निघालं?" प्रत्येकाला दार उघडायचं, प्रत्येकाला तीच हकीकत सांगायची, प्रत्येकाचा एक मेहुणा. दुपारी बारा वाजता बारा पूर्णांक सहा. दोनला बारा पूर्णांक चार. चारला बारा पूर्णांक दोन. असंच चाललं तर उद्या सकाळी पुन्हा टकटक. बायको स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. फिरत्या गाडीत पहिल्या दिवशी न्यायच्या पुस्तकांची यादी तिने फ्रिजवर लावली होती. ती तिने काढली, नीट घडी केली आणि खणात ठेवली. ग्रॅमसाहेबांना ती घडी जितकी लागली, तितका डिकीतला अंधारसुद्धा लागला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा होता, आणि तो त्यांनी विचारपूर्वक बायकोला केला होता.

"तुझ्या नवऱ्याला दोनदा सांगायला गेले, त्याला वेळ नाही. तू ऐक. तुमचं पुढचं दार उघडलं की ती गाडी जागी होते."

"जागी होते म्हणजे?"

"अगं, तिचे ते दोन्ही बाजूंचे आरसे मिटलेले असतात ना, ते कान टवकारल्यासारखे बाहेर येतात. दाराच्या मुठीत दिवा लागतो. थोडा वेळ वाट बघते, कोणी आलं नाही की पुन्हा मिटते. परत दार उघडलं, परत तेच. मला बाई दया येते तिची. आज सकाळपासून एकवीस वेळा झालं."

"एकवीस?" ग्रॅमसाहेबांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. "काकू, आकडा नक्की आहे? नोंद आहे?"

"वर येऊन बघ."

जिना एका दमात चढून ग्रॅमसाहेब वर गेले. कागद हाताशी नसल्यामुळे काकूंनी पेनाने प्लास्टरवरच रेघा ओढल्या होत्या. पाचपाचच्या जुड्या, चार जुड्या आणि एक रेघ, बाजूला वेळासुद्धा. ग्रॅमसाहेब गुडघे टेकून तो पाय वाचू लागले. इतकी स्वच्छ नोंदवही त्यांनी आपल्या खात्यातही पाहिली नव्हती. मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला. एकदा जागी झाली की पाव तास, चार अँपिअर, म्हणजे दर खेपेला एक अँपिअर-तास. एकवीस खेपा. पंचेचाळीसच्या बॅटरीतले एकवीस गेले. व्होल्ट तेच सांगत होते.

"पण दार उघडल्यावर गाडीला कळतं कसं?" बायको खालून, जिन्यातून विचारत होती. आणि विचारता विचारताच ती थांबली. ग्रॅमसाहेब धावत खाली आले आणि दोघांनी एकदम आपल्या दाराजवळच्या भिंतीकडे पाहिलं.

दाराच्या लगत, आतल्या भिंतीवर, ग्रॅमसाहेबांनी गाडी घेतली त्याच दिवशी स्वहस्ते ठोकलेली फळी होती. घरात वस्तू जागच्या जागी असावी म्हणून. त्यावर हुक, हुकाखाली नावाची पट्टी, आणि पहिल्या हुकाला गाडीची किल्ली. ही किल्ली कुलपात घालायची नव्हती. ती खिशात घेऊन मालक जवळ आला की गाडी आपण होऊन उठायची आणि आरसे उघडून स्वागत करायची. बाहेरचं लोखंडी दार बंद असलं की किल्ली त्याच्या आडोशाला. दार उघडलं की किल्ली आणि गाडी समोरासमोर. नंतर मोजलं तेव्हा मधलं अंतर भरलं एक मीटर चाळीस सेंटिमीटर. दूधवाला आला, गाडी उठली. पेपरवाला आला, गाडी उठली. सेक्रेटरी चौकशीला आले, गाडी उठली. प्रत्येक वेळी तिला वाटे, मालक निघाले. आणि मंगळवारी खुद्द मालक किल्ली खिशात घालून तासभर तिच्या नाकासमोर स्टूल टाकून बसले होते आणि ही झोपत का नाही म्हणून तिच्यावर डोळे वटारत होते.

"प्रयोग करून बघितला पाहिजे," ग्रॅमसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

प्रयोग झाला. मीटरपाशी इंजिनवाले काका, दाराशी बायको, खिडकीत काकू. ग्रॅमसाहेबांना कुठेच काम नव्हतं. त्यांनी खिसे उलटे करून दाखवले आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

"उघड!" काकू वरून ओरडल्या. "आले कान!"

"चार अँपिअर!" काकांची आरोळी दोन गल्ल्या पलीकडे गेली.

"लाव दार! आता किल्ली घेऊन आत जा!" काकूंनी फर्मावलं.

बायकोने किल्ली स्टीलच्या डब्यात घातली, घट्ट झाकण लावलं आणि डबा सर्वांत आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मग तिने दार उघडलं. आरसे हलले नाहीत. लावलं, उघडलं. गाडी ढिम्म. सगळे जण मीटरभोवती श्वास धरून उभे राहिले. चार. साडेतीन. पाच मिनिटांनी दोन. मग एक. मग कुणीतरी दिवे मालवत घरभर फिरावं तसा आकडा एकेक पायरी उतरत गेला आणि अर्ध्या तासाने थांबला.

"शून्य पूर्णांक तीन शतांश," इंजिनवाले काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. जणू जोरात बोललं तर ती उठली असती.

मिस्त्रीला फोन केला, तर तो संध्याकाळी आपला चार्जर घेऊन स्वतः आला आणि बॅटरी पूर्ण भरून देईपर्यंत थांबला. सेक्रेटरींनी त्यासाठी जिन्यातल्या प्लगची परवानगी कमिटीला न विचारता दिली. हे त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडलं. ग्रॅमसाहेब एकेकाकडे बघत राहिले. याच माणसांनी पाच दिवस त्यांचं डोकं खाल्लं होतं. याच माणसांनी बूट काढून गाडीला खांदे लावले होते, आणि ती गाडी हलणारी नव्हती ही काही त्यांची चूक नव्हती.

ते काकूंकडे गेले. आभार मानायचे होते, पण आयुष्यभर सरकारी पत्रं लिहून त्यांची जीभ तशीच वळली होती. "काकू, आपण केलेल्या सहकार्याची... नोंद घेण्यात आली आहे."

"नोंद माझ्या पायावर आहे," काकू म्हणाल्या. "बस. सहा आठवडे लोक येतायत. येतात आणि आपल्याच पायांच्या गोष्टी सांगून जातात. मी दिवसभर काय बघते, ते कोणी विचारलं नाही."

ग्रॅमसाहेब बसले. "काय काय बघता?" त्यांनी विचारलं, आणि पाऊण तास मधे न बोलता ऐकलं.

शनिवारी सकाळी गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. परवाना कार्यालयाच्या अंगणात परीक्षक बाई हातात पाटी घेऊन उभ्या होत्या. पट्टीवर दिवा नाही, कागद पुरे. मग त्यांनी नियम सांगितला. गाडीचा मालक गाडीत हजर हवा. पण मागच्या सीटवर, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

हा नियम बायकोने आणि ग्रॅमसाहेबांनी एकमेकांकडे न बघता ऐकला. चार महिन्यांपूर्वी शिकवणाऱ्या संस्थेच्या गाडीवर तिने पहिल्यांदा परीक्षा दिली, तेव्हा वळणावर ग्रॅमसाहेब कुंपणापलीकडून "इंडिकेटर!" असे ओरडले होते. इंडिकेटर तिने आधीच दिला होता. परीक्षकांनी "बाहेरून मदत" असा शेरा मारून नापास केलं होतं. त्याबद्दल ती त्यांना एका शब्दाने बोलली नव्हती, आणि त्यांनी एका शब्दाने माफी मागितली नव्हती.

ग्रॅमसाहेब मागे बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

ती सुरेख चालवत होती. आठाचं वळण झालं, चढ झाला, मागे घेऊन उभी करणं झालं. एक पांढरी रेघ राहिली, थांबायची. ती रेघेवर येऊन थांबली आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

आवाजच गेला. थरथर थांबली. संपलं. बॅटरी, किल्ली, फळी, सगळं पुन्हा! जिभेच्या टोकावर पाच सूचना आल्या. 'पी'वर टाक, बटण दाब, दिवे बंद कर, उतर, थांब. त्यांनी दात इतके आवळले की कानशिलं दुखली. तिचे हात स्टीअरिंगवर शांत होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं आणि एकही सूचना बाहेर जाऊ दिली नाही.

"गाडी बंद पडली का?" परीक्षक बाईंनी पेन उचललं.

"नाही, मॅडम. थांबली आहे," बायको म्हणाली. "सिग्नलला इंधन फुकट जाऊ नये म्हणून ही आपण होऊन इंजिन थांबवते. ब्रेकवरचा पाय उचलला की लगेच सुरू होते. पण बॅटरी अर्धवट भरलेली असली की ती हे करत नाही, जपून राहते. आमच्याकडे आल्यापासून आज पहिल्यांदाच केलं तिने." आणि तिने पाय उचलला. इंजिन सहज सुरू झालं, रेघ मागे पडली.

परीक्षक बाईंनी पेन खाली घेतलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझीही अशीच थांबते. मी दोनदा मिस्त्रीकडे टाकून आले. कुठे लिहिलंय हे?"

"पान एकशे अठरा."

बाईंनी ते पाटीच्या कोपऱ्यात टिपून घेतलं. मग त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत, 'उत्तीर्ण' असं लिहिलं आणि मागे वळून विचारलं, "मालकांना काही सांगायचंय?"

वीस मिनिटं गप्प बसल्यानंतर बोलायची परवानगी मिळाली होती. मांड्यांखालून हात काढताना बोटांना मुंग्या आल्या होत्या. चुका शोधत त्यांनी अख्खं आयुष्य काढलं होतं, आणि आता सांगायला एकही चूक नव्हती.

"मागच्या वेळचा इंडिकेटर," ते म्हणाले, "तिने दिला होता. मी उगाच ओरडलो. ते तुमच्या दप्तरात सुधारून मिळेल का?"

"जुनं दप्तर बंद झालं," बाई म्हणाल्या.

"हरकत नाही. तिने ऐकलं, तेवढं पुरे."

शिक्क्यांसाठी तीन खिडक्या फिरून परवाना हातात आला, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको चालकाच्या जागी बसली. ग्रॅमसाहेब पुढे, तिच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. ग्रंथालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, मधे सात चौक.

"कुठून घेऊ?" तिने सवयीने विचारलं. "पुलावरून की बाजारातून?"

ग्रॅमसाहेबांना दोन्ही रस्त्यांची अंतरं मीटरपर्यंत पाठ होती. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं.

"तुला वाटेल तिथून," ते म्हणाले.